कोंकच्या दारात

फ्रान्समधल्या ल प्वीहून निघालेली, स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थाकडे जाणारी पायवाट कोंक गावात उतरते, तो उतार गुडघ्यांचा अंत पाहतो. सुटे दगड, दाट झाडी, आणि मग एकदम खाली चर्चचे मनोरे. सॅक पाठीवर तशीच ठेवून मी आधी चर्चच्या दाराशी गेले.

दारावरच्या कमानीत बाराव्या शतकात कोरलेला शेवटचा निवाडा, म्हणजे जगाच्या अंती ख्रिस्त सगळ्यांचा करणार तो न्याय, आहे. 124 आकृत्या, मधोमध ख्रिस्त. पापपुण्याचा तराजू आपल्या बाजूने झुकावा म्हणून सैतान पारड्यावर हळूच बोट टेकवतोय. शेजारी नरकात एक गर्विष्ठ सरदार घोड्यासकट उलटा कोसळतोय, कंजुषाच्या गळ्यात थैली लटकतेय. सगळ्यांत जीव जडला तो कमानीच्या कडेवर: दगडी पट्टी बोटांनी धरून काही चेहरे नुसते डोकावून बघतायत. निळ्या-तांबड्या रंगाच्या खुणा अजून टिकून आहेत.

इथलं दैवत म्हणजे सांत फ्वा, आजां गावी धर्मासाठी मारली गेलेली मुलगी. नवव्या शतकात इथल्या एका साधूने तिच्या अस्थी तिथून गुपचूप आणल्याचं सांगतात. त्यानंतर यात्रेकरूंची रीघ लागली आणि चर्चही त्या गर्दीच्या बेताने बांधलं गेलं. गाभाऱ्याभोवती प्रदक्षिणेचा मार्ग आहे. मधे प्रार्थना चालू असली तरी कडेने लोक अस्थींपर्यंत सरकत राहावेत म्हणून. पंढरपूरच्या दर्शनबारीत तासन् तास उभं राहिलेल्या माणसाला यातली सोय चटकन कळते. सांत फ्वा कैद्यांना सोडवते अशी श्रद्धा. सुटलेल्यांनी वाहिलेल्या बेड्यांच्या लोखंडातून गाभाऱ्याच्या जाळ्या घडवल्या असं परंपरा सांगते. मी त्या जाळीला हात लावला. एवढं गार लोखंड, आणि एवढ्या जणांची सुटका!

खिडक्यांच्या काचा मात्र नव्या, 1994 मध्ये पुऱ्या झालेल्या. जवळच्याच रोदेझमध्ये जन्मलेल्या पिएर सुलाज या चित्रकाराच्या. रंग नाही, चित्र नाही, फक्त गाळून आलेला उजेड. काहींना त्या कोऱ्या वाटतात; मला त्या या दगडाला शोभतात.

गाडीने येऊन दुपारी परतणाऱ्यांचं रात्रीचं कोंक हुकतं. प्रार्थनेनंतर मठातले ब्रदर वाटसरूंना आशीर्वाद देतात, मग दाराशी उभं राहून ते शिल्प समजावतात. फ्रेंच मला अर्धंच कळत होतं, पण तराजूपाशी ते आले तेव्हा सगळे हसले, मीही.

सकाळी दुर्दू नदीवरचा जुना पूल ओलांडला की लगेच खडी चढण लागते. अर्ध्यावर सांत फ्वाचं छोटं देऊळ आहे, तिथे थांबून घंटा वाजवायची.