फोटो कोणाला पाठवायचाय?

मी पुण्यात डेक्कनजवळच्या एका ज्युनियर कॉलेजमध्ये समुपदेशक आहे. कॉलेजपासून नदीपात्र चालत पाच-सात मिनिटांवर, हे आधीच सांगते कारण पुढे त्याचा संबंध येणारे. आणि हे सगळं त्या मुलीला आणि तिच्या आईला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

बारावी सायन्सची मुलगी, वय १७. केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स सलग बुडवली म्हणून सरांनी डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव टाकून माझ्याकडे पाठवलेली. दहावीला उत्तम मार्क, अकरावीच्या पहिल्या सेमिस्टरपर्यंत सगळं नीट आणि मग एकदम घसरण. सरांचं म्हणणं, मोबाईल, दुसरं काय. जुलै संपत आला होता, आमची दुपारची शिफ्ट, ती आली तेव्हा पाच वाजून गेले होते.

आत आली आणि खुर्ची सरकवून दार दिसेल अशी करून बसली. मी काही बोलले नाही. ज्यांना सतत कोणीतरी येईल असं वाटत असतं ती मुलं पाठ दाराकडे करून बसत नाहीत, हे या कामात वारंवार बघितलंय.

मी सुरुवातीलाच सगळ्यांना सांगते तसं तिलाही सांगितलं, की इथलं बोलणं बाहेर जात नाही, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल तर मला सांगावं लागतं, आणि १८ वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे मला ते कळवावंच लागतं, तिथे माझ्या मर्जीचा प्रश्न नसतो. काही जणांना वाटतं हे आधी सांगितलं तर मुलं बोलणारच नाहीत. माझा अनुभव उलटा आहे. ज्या मुलीचा विश्वास एकदा मोडलाय तिला पुन्हा फसवलं जाणार नाही हे आधी कळायला हवं, मग ती स्वतः ठरवते किती बोलायचं.

तिनं नीट ऐकलं आणि म्हणाली, "तसलं काही नाही मॅम. मारायचा फक्त."

फक्त.

बोलता बोलता तिनं फोन उचलला, टेबलाचा आणि मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढला आणि फोन खाली ठेवला. मला वाटलं तारीख हवी असेल. पुन्हा थोड्या वेळानं तेच. मी विचारलं, "फोटो कोणाला पाठवायचाय?" तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी तिला झोपेतून उठवलं. मग गॅलरी उघडून फोन माझ्यासमोर धरला. वर्गातला फळा, मेट्रोचा दरवाजा, घरातला डायनिंग टेबल, कॅन्टीनमधला वडापाव आणि समोर बसलेल्या मैत्रिणीचे हात, क्लासच्या जिन्यातला बोर्ड, पुन्हा फळा. दर तासाला एक. मी खाली खाली सरकवत गेले, जूनमध्ये गेले, मे मध्ये गेले, संपतच नव्हते. आणि हे सगळे ब्रेकअपनंतरचे. एप्रिलपासून त्या मुलाशी एक मेसेज नाही, नंबर ब्लॉक, तरी हिचा हात दर तासाला फोनकडे जातो. "पाठवत नाही मी कोणाला," ती म्हणाली, "पण काढला नाही तर पोटात गोळा येतो."

या फोटोंची सुरुवात काळजीनं झाली होती. दोघं एकाच ढोल-ताशा पथकात, ती अकरावीत, तो २१ वर्षांचा. सराव संपल्यावर घरी पोचलीस का, फोटो टाक. एवढंच. मैत्रिणी म्हणायच्या किती जपतो तुला. मग कॉलेजला पोचल्यावर फोटो, मग दर लेक्चरला, मग फोटोत शेजारी कोण बसलंय, मग लाईव्ह लोकेशन, मग इन्स्टाचा पासवर्ड. एकदा केमिस्ट्री प्रॅक्टिकलला फोन बाहेर ठेवायला लावले होते, दोन तास फोटो गेला नाही, त्या संध्याकाळी त्यानं पार्किंगमध्ये तिचं मनगट पिरगाळलं. आमची लॅब पार्किंगच्या बाजूला आहे, खिडकीतून ती जागा दिसते. प्रॅक्टिकल का बुडतात याचं उत्तर इतकं सरळ होतं आणि ते कोणत्याही रजिस्टरमध्ये दिसणार नव्हतं.

नंतर कानाखाली, एकदा नदीवरच्या झेड ब्रिजवर लोकांच्या देखत. आणि प्रत्येक वेळी मारून झाल्यावर तो रडायचा, पाया पडायचा, रात्रभर सॉरीचे मेसेज, दुसऱ्या दिवशी गजरा आणि कॅडबरी. ती म्हणाली, "ते दोन-तीन दिवस इतके छान असायचे ना मॅम, की मला वाटायचं हाच खरा आहे." लेनोर वॉकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मध्येच हे चक्र मांडलंय, आधी ताण वाढत जातो, मग मारहाण, मग माफी आणि प्रेम, आणि पुन्हा पहिल्यापासून. ते त्यांनी नवऱ्याची किंवा जोडीदाराची मारहाण सोसलेल्या बायकांशी बोलून मांडलं होतं, पण मला ते सतरा वर्षांच्या मुलींमध्ये तसंच्या तसं दिसतं, फक्त इथे घरच्यांना पत्ताच नसतो, कारण मारलं हे सांगायचं तर आधी बॉयफ्रेंड होता हे सांगावं लागतं.

साधारण सहा वाजता नदीपात्रातून ढोल सुरू झाले. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने पुण्यात हे रोजचंच, मला तर तो आवाज कानावर पडतोय हेही कळलं नाही. तिला कळलं. वाक्य अर्धं तुटलं. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, खांदे वर गेले, डोळे दारावर, श्वास वरच्या वर. मी नाव घेऊन हाक मारली तर ऐकूच गेली नाही. ती माझ्या खोलीत नव्हती, ती त्या पार्किंगमध्ये होती.

अशा वेळी अंगाला हात लावायचा नाही, कितीही वाटलं तरी. मी माझी खुर्ची मागे घेतली, दाराची वाट मोकळी ठेवली आणि हळू आवाजात बोलत राहिले. अगं, आज मंगळवार आहे. तू कॉलेजमध्ये आहेस, माझ्या खोलीत. तो इथे नाहीये. पाय फरशीवर टेकव, जोरात दाब. फरशी गार लागतेय का? पंखा बघ. पाण्याची बाटली पुढे सरकवली, ती तिनं दोन्ही हातांनी धरली. मग दिसणाऱ्या पाच गोष्टी सांग म्हटलं. पंखा, कपाट, तुमची पर्स, कॅलेंडर, पाचवी सांगताना ती रडायला लागली आणि मला हायसं वाटलं, कारण रडायला आलं म्हणजे ती परत आली होती.

तिला वाटत होतं आपण वेड्या झालोय. मी तिला कागदावर काढून दाखवलं. मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग असतो, धोका ओळखणं हे त्याचं काम, आणि तो विचार करत बसत नाही. मार खाल्ला तेव्हा आजूबाजूला जे काही होतं, ढोल, संध्याकाळ, बाईकचा आवाज, त्याच्या डिओचा वास, ते सगळं त्यानं धोका म्हणून नोंदवून ठेवलं. आता त्यातलं एक जरी आलं तरी तो आधी भोंगा वाजवतो, आणि हे जुनं आहे हे समजायला डोक्याच्या पुढच्या भागाला वेळ लागतो. अशा गोष्टी एक महिन्याहून जास्त टिकल्या, झोप उडाली, माणूस जागा टाळायला लागला, तर पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास, आहे का ते तपासून घ्यावं लागतं, ते निदान माझं काम नाही, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिस्टचं. पण हे वेड नाही, तू खोटं वागत नाहीयेस, आणि याच्यावर उपचार आहेत, एवढं मी तिला ठामपणे सांगू शकत होते. "म्हणजे ढोल वाईट नाहीये ना?" तिनं विचारलं. ती ताशा वाजवायची, चांगली वाजवायची. पथक सोडलं ते त्याच्यामुळे. मला या प्रश्नानं फार वाईट वाटलं, खरंच. मारणारा मोकळा आणि ताशा हिचा सुटला.

मग मेट्रोचं कळलं. ती राहते पौड रोडला, आधी पीएमपीच्या बसनं यायची. ब्रेकअपनंतर तो बसच्या खिडकीशेजारून बाईक चालवायचा, सिग्नलला थांबून नुसता बघायचा. म्हणून ती आनंदनगरहून मेट्रोनं यायला लागली, कारण मेट्रो वरून जाते, तिच्या शेजारून बाईक नेता येत नाही. हे तिनं एकटीनं शोधून काढलं होतं, कोणाला न सांगता. जूनपासून तो दिसलेला नाही, तरी स्टेशनचे जिने उतरताना ती आधी खालचा रस्ता बघून घेते.

त्याच संध्याकाळी तिच्या परवानगीनं आईला बोलावलं. आई ऑफिसमधून थेट आल्या. सगळं ऐकलं आणि पहिलं वाक्य, "पण मॅडम, आता संपलंय ना ते? मग विसरायचं आणि अभ्यासाला लागायचं." मुलगी खाली बघायला लागली. आईंचा राग नाही मला, त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरलेलं माणूस विसर म्हणतं. पण मी म्हटलं, ताई, ती विसरायचाच प्रयत्न करतेय एप्रिलपासून, म्हणून तर प्रॅक्टिकलला जात नाही, बसनं येत नाही, ताशा सोडला. आणि मुलीला विचारून फोनची गॅलरी त्यांच्यासमोर ठेवली. त्या बघत राहिल्या. त्यात त्यांच्या घरचा डायनिंग टेबल होता, वाढलेल्या ताटांसकट, रोज रात्रीचा. "मला वाटायचं जेवणाचे फोटो टाकते स्टेटसला," एवढंच म्हणाल्या आणि लेकीचा हात धरला. तू आधी का नाही सांगितलंस, हा प्रश्न येणार होता, तो मी अडवला. आत्ता सांगतेय, तेवढं आज पुरे.

पुढचं भराभर सांगते. लॅबची बॅच बदलून दिली, खिडकीपासून लांबचं टेबल, सरांनी कारण न विचारता दिलं. फोटो दर तासाऐवजी दीड तासाला, मग दोन तासांनी असं हळूहळू लांबवायचं ठरलं, एकदम बंद नाही. ट्रॉमावर काम करणाऱ्या सायकॉलॉजिस्टकडे सेशन्स सुरू झाली. मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६, दोन्ही नंबर तिनं फोनमध्ये वेगळ्या नावानं सेव्ह केले, रात्री एकटं वाटलं तर १४४१६ ला मराठीतही बोलता येतं. आणि पाठलागाचं म्हणाल तर तो गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, मुलीनं नाही म्हटल्यावरही मागे लागणं. चॅट तिनं डिलीट केलं होतं, पण एका मैत्रिणीनं तेव्हाच धमक्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते, अठरा पूर्ण नसलेल्या त्या पोरीची समज बघा. आई पोलिसांच्या भरोसा सेलला, म्हणजे बायका-मुलांना मदत करणाऱ्या कक्षाला, जाऊन चौकशी करून आल्यात. तक्रार करायची की नाही हे मुलीनं अजून पक्कं केलेलं नाही, आणि तिच्यावर घाई होणार नाही एवढं मी बघतेय.

वडिलांना अजून सगळं माहीत नाही. ते सोमवारी येणारेत. आई म्हणतात, आधी ओरडतील, पथकात पाठवलंच का म्हणून मलाच बोलतील, मग ऐकतील. मुलीला मी विचारलं, तू खोलीत थांबणार की बाहेर? थांबणार म्हणाली. खुर्ची दाराकडे तोंड करून लागेल, तेवढं ठेवा मॅम. बोलायला जमलं नाही तर काय करायचं तेही तिनंच ठरवलंय, फोन बाबांच्या हातात द्यायचा आणि एप्रिलपासूनचे फोटो त्यांना एकेक करून बघू द्यायचे.