पार्किन्सन्स झाला म्हणून माणसाला बसवून ठेवू नका

पार्किन्सन्सचं निदान झालं की घरचे पहिलं काय करतात, तर माणसाला खुर्चीत बसवतात, तुम्ही उठू नका, काय हवं ते सांगा, मी आणून देते. सगळं मायेपोटीच असतं पण ह्या आजारात ते फार महागात पडतं, बसून राहिलं की अंग अजून आखडतं आणि तोल अजून जातो.

होतं काय की मेंदूत डोपामाइन (हालचालींसाठी लागणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात, मग पाऊल उचलणं, चालताना हात हलणं, वळणं हे जे आपलं आपोआप होत असतं ते होईनासं होतं. थरथर दिसते म्हणून लोक तिलाच आजार समजतात, काहींना तर ती नसतेच. आमच्या बाबांना हाच आजार आहे, त्यांना थरथर कमीच आहे, त्यांचे पाय अडकतात. जिना एकेक पायरी करत नीट चढतात आणि स्वयंपाकघराच्या दारात आले की पाय जागचे हलतच नाहीत, वरचं अंग पुढे जातं आणि पाय मागेच. बघणाऱ्याला वाटतं नाटक करतायत. नाटक नाही हो! पायरी डोळ्यांना दिसते म्हणून पाय ठरवून उचलता येतो, सपाट फरशीवर तसा काही आधारच नसतो.

फिजिओने म्हणूनच दारापाशी पावलापावलाच्या अंतराने रंगीत चिकटपट्ट्या आडव्या लावायला सांगितल्या. पट्टी ओलांडायची, बस्स. बाहेर कुठे अडकले तर मी माझं पाऊल त्यांच्यापुढे आडवं ठेवते किंवा डावा-उजवा असं ठेक्यात म्हणते, पण हाताला धरून ओढायचं अजिबात नाही, पडतात. वळतानाही जागच्या जागी गर्रकन नाही, बस वळते तसा मोठा वळसा घ्यायचा.

व्यायामाची वेळ गोळीप्रमाणे ठरवायची, लेवोडोपाचा (मेंदूत ज्याचं डोपामाइन होतं त्या औषधाचा) असर असतो तेव्हाच. ही गोळी शक्यतो जेवणाच्या अर्धा तास आधी, कारण दूध, डाळ, पनीरमधलं प्रोटीन तिच्या आड येतं (वेळा डॉक्टरांना विचारूनच ठरवा). गोळी लागू पडली की बाबा फिरायला निघतात, मुद्दाम लांब पावलं टाकत, हात मोठे हलवत, आणि चालताना गप्पा नाहीत, लक्ष गेलं की पाय अडकलाच. आवाज बारीक झालाय म्हणून घरी आल्यावर मोठ्याने पाढे.

आजार ह्याने बरा होत नाही, पण स्वतःचं स्वतः उठता बसता येतंय ही केवढी मोठी गोष्ट आहे! एकट्याने कंटाळा येतो हेही खरंय, पुण्यात असाल तर पार्किन्सन्स मित्रमंडळाची माहिती काढा, हृषीकेश पवार तिथे पार्किन्सन्सच्या लोकांना डान्स शिकवतात, ठेक्यावर पाय कसे सुटतात बघाच.

आणि खाजकुयलीची पावडर कोणी ना कोणी सुचवणारच, तिच्यात खरोखरच लेवोडोपा असतो, म्हणूनच ती गोळ्यांच्या जोडीला आपल्या मनाने सुरू करू नका, डोस नकळत वाढतो. फिजिओसुद्धा मेंदूच्या आजारांच्या पेशंटची सवय असलेलाच शोधा, नुसतं गुडघ्याला शेक देणारा नको.