आधी ‘लेट इट बी’, मग ‘ॲबी रोड’

बीटल्स म्हणजे जॉन लेनन, पॉल मॅककार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांचा इंग्लिश बँड. त्यांचा शेवटचा अल्बम कोणता, असं विचारलं की बहुतेक जण ‘लेट इट बी’ म्हणतात. दुकानातल्या तारखा पाहिल्या तर ते बरोबरच आहे. ‘ॲबी रोड’ २६ सप्टेंबर १९६९ला आला आणि ‘लेट इट बी’ ८ मे १९७०ला. पण ‘लेट इट बी’चा बहुतेक ऐवज जानेवारी १९६९चा, म्हणजे ‘ॲबी रोड’च्या आधीचा. २ जानेवारीला ट्विकनहॅमच्या थंड फिल्म स्टुडिओत काम सुरू झालं, १० तारखेला जॉर्ज हॅरिसन उठून गेला आणि ३०ला गच्चीवरचा कार्यक्रम झाला. त्या टेपचा अल्बम वर्षभर रखडला. चौघं पुन्हा नीट एकत्र बसले ते ‘ॲबी रोड’साठी, आणि स्टुडिओत चौघं मिळून शेवटचे होते २० ऑगस्ट १९६९ला. म्हणून हे दोन अल्बम उलट्या क्रमानेच ऐकावेत. छापील तारखेच्या क्रमाने ऐकलं की बँड दमून विझला असं वाटतं. ध्वनिमुद्रणाच्या क्रमाने ऐका, मग कळतं की मोडकळीला आलेल्या या चौघांनी शेवटी सगळी ताकद एकवटली होती.

या क्रमाला एक मोठा अपवाद आहे, ‘आय मी माइन’. ते ३ जानेवारी १९७०चं आहे, आणि लेनन तेव्हा डेन्मार्कमध्ये होता. तिघांनी वाजवलेलं गाणं १ मिनिट ३४ सेकंदांचंच होतं. निर्माता फिल स्पेक्टरने त्यातलाच तुकडा पुन्हा जोडून ते २ मिनिटं २५ सेकंदांचं केलं. एकदा माहीत झालं की दुसऱ्या फेरीत तोच आवाज, तीच लकब परत येते हे कानाला लगेच कळतं.

स्पेक्टरने काय काय केलं ते तपासायला घरातली पेटी पुरते. ‘अ‍ॅक्रॉस द युनिव्हर्स’ फेब्रुवारी १९६८मध्ये मुद्रित झालं. त्यात तंबोरा आहे, तो हॅरिसनचा. डिसेंबर १९६९मध्ये ते प्रथम वन्यजीव संस्थेच्या मदतीसाठी काढलेल्या रेकॉर्डवर आलं. तिथे सुरुवातीला पक्ष्यांचे आवाज आहेत आणि टेप जलद फिरवलेली आहे. पेटीवर षड्ज शोधा, काळी दोनच्या आसपास सापडेल. ‘लेट इट बी’वरची प्रत स्पेक्टरने हळू केली, ती काळी एकला उतरते. स्पेक्टरची भर काढून २००३मध्ये निघालेल्या ‘लेट इट बी... नेकेड’वर टेप मूळ वेगाने आहे, षड्ज पांढरी दोनला. गाणारा तोच, गायन तेच, पण काळी एकच्या प्रतीत लेननचा आवाज जाड आणि पेंगुळलेला येतो. तंबोऱ्याची जवारीसुद्धा मंदावते. आपल्याकडे स्वराला कान तयार असलेली माणसं घरोघरी आहेत. त्यांनी तिन्ही प्रती पाठोपाठ लावून बघाव्यात, पाच मिनिटांत पटेल.

‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’वर १ एप्रिल १९७०ला १८ व्हायोलिनं आणि १४ स्त्रियांचा कोरस चढवला गेला. मॅककार्टनीला ते कधीच आवडलं नाही, आणि त्याचंच बरोबर होतं. ‘नेकेड’वरची साधी प्रत घ्या.

आता ‘ॲबी रोड’. इथे आठ ट्रॅकचं ध्वनिमुद्रण यंत्र आणि आवाज मिसळायचं ट्रान्झिस्टरचं नवं कन्सोल होतं, म्हणून आवाज आधीच्या अल्बमांपेक्षा गोल आणि भरीव आहे. पहिली बाजू ‘आय वाँट यू’ने संपते, आणि ते सुरी फिरवल्यासारखं मध्येच तुटतं. फाइल खराब नाही. लेननने टेप तिथेच कापायला सांगितली होती.

दुसऱ्या बाजूची मालिका ‘यू नेव्हर गिव्ह मी युअर मनी’पासून ‘द एंड’पर्यंत साधारण १६ मिनिटांची आहे. ती अखंडच ऐकायला हवी. फोनवर इथेच घोटाळा होतो. शफल चालू असेल तर सगळंच संपलं. क्रॉसफेड चालू असेल तर एक गाणं दुसऱ्यात विरघळतं, म्हणून ते शून्यावर ठेवा आणि गॅपलेस, म्हणजे गाण्यांमध्ये खंड न पाडणारी सोय, चालू करा. जुन्या एमपीथ्री फायलींत एन्कोडर, म्हणजे फाइल बनवणारं सॉफ्टवेअर, प्रत्येक गाण्याच्या दोन्ही टोकांना काही मिलिसेकंदांची शांतता घालतो, म्हणून सांध्यावर उचकी लागते. ‘पॉलिथीन पॅम’ आणि ‘बाथरूम विंडो’ एकाच टेकमध्ये सलग वाजवलेली आहेत, तिथे ही उचकी सर्वांत जास्त टोचते.

‘द एंड’मध्ये ड्रम्सनंतर तीन गिटार आळीपाळीने येतात, प्रत्येकी दोन बार. म्हणजे कहरव्याचं एक आवर्तन धरा. हातावर आठ मात्रा मोजत बसा. पहिला मॅककार्टनी, दुसरा हॅरिसन, तिसरा लेनन, आणि असे तीन फेरे. हॅरिसनची ओढ मधाळ आहे. लेननचा आवाज फाटका आणि घासणारा, तो ओळखू आला की बाकी दोघं आपोआप लागतात.

रेकॉर्ड असेल तर एक अडचण ध्यानात ठेवा. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीत बाहेरच्या कडेला सुईखालून खाच सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. त्यामुळे आतल्या खाचांत बारीक तपशील दाटतो आणि झिजलेली सुई तिथे ‘स’, ‘श’ फाडते. ‘आय वाँट यू’ आणि ‘द एंड’ नेमकी तिथेच आहेत. सुईचा भार कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) बनवणाऱ्याने सांगितलेला ठेवा, बऱ्याच साध्या कार्ट्रिजना १.७५ ते २ ग्रॅम लागतो. कमी भाराने रेकॉर्ड वाचते हा समज चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती खरवडते.

बुधवारी-रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात रेकॉर्ड मिळाली तर आधी डोळ्याच्या रेषेत आडवी धरून वाक बघा, मग उन्हात तिरकी करून ओरखडे. नखाला लागणारा ओरखडा असेल तर सोडून द्या. इथल्या पावसाळ्यात कव्हरच्या आत रेकॉर्डवर बुरशी धरते, ती नुसत्या फडक्याने जात नाही. चार भाग डिस्टिल्ड पाणी, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ मायक्रोफायबर फडकं, आणि हात खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा. नळाचं पाणी नको, क्षार खाचेत बसतात. आणि हे मिश्रण शेजारच्याच ढिगातल्या ७८ फेऱ्यांच्या नाट्यसंगीताच्या रेकॉर्डना चुकूनही लावू नका. त्या लाखेच्या असतात, अल्कोहोलने लाख विरघळते आणि गाणं कायमचं जातं. एप्रिल-मेमध्ये घेतलेली रेकॉर्ड बंद गाडीत तासभरही ठेवू नका, वाकते.

‘द एंड’ संपल्यावर टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, उचलायची घाई करू नका. १४ सेकंद शांतता आहे, आणि मग २३ सेकंदांचं ‘हर मॅजेस्टी’. ते मुळात ‘मीन मिस्टर मस्टर्ड’ आणि ‘पॉलिथीन पॅम’च्या मध्ये होतं. मॅककार्टनीने ते काढायला सांगितलं, पण काहीही फेकायचं नाही असा स्टुडिओचा दंडक, म्हणून टेप ऑपरेटर जॉन कुर्लँडरने कापलेला तुकडा रिळाच्या शेवटी कोऱ्या पट्टीनंतर जोडला. तो मॅककार्टनीला आवडला आणि राहिला. हेडफोन लावा. सुरुवातीचा दणका ‘मस्टर्ड’चा शेवटचा ठोका आहे, गिटार उजव्या कानात सुरू होऊन हळूहळू डावीकडे सरकते, आणि शेवटचा स्वर येतच नाही. कात्री लागली तेव्हा तो पलीकडच्या तुकड्यात राहिला.