पट्टा नसलेल्या कमरेचं म्यान

कोयकलमं, म्हणजे आंब्याच्या कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर जोडलेली कलमं, बांधायच्या दिवसांत सुरी किती वेळा खाली ठेवावी लागते हे मी एकदा मोजायला घेतलं होतं. साठाच्या पुढे गेल्यावर नाद सोडला. पंधरा दिवसांचं, तांबूस पानांचं रोप घ्यायचं, शेंडा उडवायचा, खोडाला मधोमध चीर द्यायची, हापूसच्या काडीला पाचर करायची, की सुरी खाली. मग दोन्ही हातांनी प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. पुढचं रोप घेतलं की पुन्हा सुरी हवी. ती तोवर कुठे असते? चिखलात, पोत्याखाली, नाहीतर माझ्याच मांडीला खेटून. गेल्या वर्षी एक सुरी अशीच मातीच्या ढिगात गेली ती गेलीच. रोपाच्या पिशवीतून कुणाच्या तरी बागेत पोचली असणार.

आत्ताची सुरी लोहाराकडून करून घेतली आहे. पॉवर हॅक्सॉच्या, म्हणजे धातू कापायच्या यंत्र-करवतीच्या, जुन्या पात्याची, चार इंच लांब, जेमतेम दोन मिलिमीटर जाड, धार एकाच बाजूनं. पाचर सपाट यायला एकाच बाजूची धार बरी पडते. मूठ शिसवीची, ती मीच कानसून माझ्या हाताएवढी केली. ही हरवली तर मात्र मी रडेन, म्हणून म्यान.

म्यान आणलं कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधून. चपला घ्यायला गेले होते, आणि एका दुकानात चपलांच्या मागे हे टांगलेलं दिसलं. सहा इंचांच्या रुंद सुरीसाठी केलेलं होतं. मोठं होतंय हे मला तिथेच दिसत होतं, पण चामडं बघून मोह झाला. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं कापल्या कडेला आरपार तपकिरी दिसतं आणि त्याला तो ओळखीचा, जरा तुरट वास येतो. म्यान लहान करता येईल, असा हिशोब केला. हिशोब बरोबर होता, फक्त मला वाटलं त्याच्या चौपट वेळ लागला.

घरी आल्यावर तीन गोष्टी कळल्या. सुरी आत खुळखुळते. टोकाखाली दीड-दोन इंच पोकळी राहते, तिथे माती आणि पाणी साठणार. आणि तिसरी, जी दुकानात मुळीच सुचली नाही: म्यानाला मागे पट्टा ओवायची फट आहे आणि मी पट्टा लावत नाही. बागेत माझा वेष म्हणजे लेगिंग आणि वर यांचा जुना फुल शर्ट. म्यानं करणाऱ्यांनी कंबर म्हणजे पँट असं धरलेलं दिसतं.

पहिला उपाय शुद्ध मूर्खपणाचा होता. खुळखुळ थांबावी म्हणून जुन्या पर्सचं मऊ चामडं कापून आत अस्तरासारखं चिकटवलं. सुरी छान घट्ट बसली. आठ दिवसांनी पात्यावर तपकिरी ठिपके, आणि तेही नेमके अस्तर टेकत होतं तिथे. पर्सचा उरलेला तुकडा आडवा कापून बघितला तर गाभा निळसर राखाडी. म्हणजे क्रोममध्ये, क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेलं. त्या चामड्यात क्षार राहतात, ते ओल धरतात, आणि आषाढात आमच्याकडे ओलीला काय तोटा! लोखंडाला ते सोसत नाही. सुरी तेल लावून बारीक दगडावर घासली, ठिपके गेले, दोन बारीक खड्डे मात्र राहिले. अस्तर खरवडून काढायला एक अख्खी दुपार गेली.

मग नीट बसले. आधी जुनी शिवण उसवली. खालचा दीड इंच रापीनं, म्हणजे चामडं कापायच्या हत्यारानं, कापून टाकला. रापी, चामड्याला भोकं पाडायची आरी आणि दाभण ही तिन्ही देवरुखला झाडाखाली बसणाऱ्या चांभारकाकांकडून दोन दिवसांसाठी मागून आणली होती. त्यांनी दिली, पण आधी मला आरी कशी धरतात ते दोनदा करायला लावलं. कड मोकळी झाल्यावर दोन्ही बाजूंच्या मधे, धारेच्या अंगाला, चामड्याची तीन मिलिमीटर जाडीची पट्टी घातली. ही मधली पट्टी नसेल तर सुरी आत सारताना धार थेट दोऱ्यावर येते आणि एक दिवस म्यान कडेनं उघडतं. आणलेल्या म्यानात अशी पट्टी होती, पण तिची जाडी निम्मीसुद्धा नव्हती. नवी शिवण जुन्या भोकांच्या चांगली पाव इंच आत घेतली. मेण लावलेला दोरा, दोन सुया, दोन्हीकडून एकाच भोकातून. असं शिवलं की एक टाका तुटला तरी पुढचा सुटत नाही. सगळ्यात खाली, टोकाजवळ, एक टाका मुद्दाम सोडला. आत गेलेलं पाणी तिथून गळून जातं.

आता मजेचा भाग. हिरड्या-बाभळीचं चामडं भिजलं की ओल्या मातीसारखं वागतं. ज्या आकारावर दाबाल तो धरून वाळतं. सुरीला तेल लावलं, दुधाच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळली. म्यान कोमट पाण्यात बुडवलं, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवलं, बाहेर काढून जरा निथळू दिलं आणि सुरी आत घातली. मग चमच्याच्या पाठीनं दाबत बसले. मूठ आणि पातं जिथे मिळतात तिथे खूप दाबलं, कारण सुरी धरून ठेवायचं खरं काम तिथेच होतं. पात्यावर दाबून घट्ट केलेलं म्यान चार दिवसांत सैल होतं. मुठीच्या फुगवट्यावर बसलं की सुरी आत जाताना हलका ‘टक’ असा आवाज येतो आणि उलटी धरली तरी पडत नाही.

पाणी कोमटच हवं. उकळत्या पाण्यात हे चामडं आकसून लाकडासारखं कडक होतं. मी कापलेला तुकडा बुडवून बघितला, पापडासारखा गोळा झाला. (पर्सचा तुकडा त्याच पाण्यात ढिम्म. क्रोम ओळखायची हीसुद्धा एक रीत झाली.)

वाळवणं हा पावसाळ्यातला खरा छळ. सासूबाईंनी म्यान चुलीच्या वर टांगायला घेतलं, मी धावत जाऊन काढलं. सावलीत, पंख्याखाली, चार दिवस. तिसऱ्या दिवशी बुरशीचा पांढरा ठिपका दिसला, तो ओल्या फडक्यानं पुसला. पूर्ण वाळल्यावर बाहेरून मधाचं मेण चोळलं आणि हेअर ड्रायरनं जिरवलं. तेल अजिबात नाही. चपलेला तेल चालतं, तिला वळायचं असतं. म्यान तेलानं लुळं पडतं आणि दाबून आणलेला सगळा आकार जातो.

राहिली कंबर. आधी नाडी ओवून म्यान पोटाशी उजव्या बाजूला बांधलं. उकिडवं बसलं की टोक मांडीत आणि मूठ बरगडीत. कलमं बांधताना दिवसभर उकिडवंच बसायचं असतं. आमच्याकडे कामाला येणारे काका दोन दिवस गप्प बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “वैनी, सुरी पोटाला कशाला? मागं घ्या. आनि अशी आवळून नको, लोंबती ठेवा.”

ते स्वतः कमरेला आकडी बांधतात. कोकणात वाढलेल्याला आकडी सांगायला नको, पण देशावरच्या वाचकांसाठी: लाकडाचा एक कोरलेला ठोकळा दोरीनं कमरेला मागच्या बाजूला बांधतात, आणि त्यात कोयता अडकवतात. वर मूठ, खाली पातं. पात्याला झाकण वगैरे काही नाही. कोयत्याची पुढची चोच आणि वजन यांच्या जिवावर तो तिथे राहतो. माणूस बसला, वाकला, माडावर चढला, तरी आकडी त्याच्याबरोबर सरकते. मी आयुष्यभर बघत आले होते, आणि पट्ट्याच्या फटीत डोकं घालून बसले होते.

सरळ सुरी आकडीत राहणार नाही, निसटून खाली पडेल. तिला बंद म्यानच हवं. पण लोंबतं ठेवायची युक्ती उचलता येत होती. पाठीमागची फट कापून काढली आणि तिच्या जागी पितळेची कडी बसवली. कडीतून चामड्याचा तीन इंचांचा मऊ फास, आणि फासातून कमरेची दोरी. फास त्याच पर्सच्या चामड्याचा केला. इथे तो पात्याला शिवत नाही, आणि मऊ आहे, भिजला तरी कडक होत नाही. आता बसलं की म्यान मागे मातीला टेकतं आणि आपोआप आडवं होतं, उठलं की सरळ. नेमकं पाठीच्या कण्यावर मात्र मी ठेवत नाही. आमच्या पायवाटेच्या चिऱ्यांवर शेवाळ असतं आणि मी वर्षातून एकदा तरी पाठीवर आपटते. उजव्या कुल्ल्याच्या जरा मागे ठेवते. हात न बघता जातो, ‘टक’ ऐकू आलं की पट्टी गुंडाळायला दोन्ही हात मोकळे.

परवा एका दिवसात चाळीस कलमं झाली आणि सुरी एकदाही शोधावी लागली नाही. काकांनी म्यान हातात घेतलं, उलटं करून हलवलं, पडत नाही हे बघितलं आणि परत दिलं. एवढंच.

दोरीचं अजून जमलेलं नाही. सुती दोरी भिजली की गाठ सुटत नाही, संध्याकाळी दातांनी सोडवावी लागते. नायलॉनची आपोआप सैल होते. काका काथ्या वापरतात, पण तो शर्टावरूनसुद्धा टोचतो. सध्या परकराची जुनी नाडी चौपदरी वळून घेतली आहे. कपडे वाळत घातले की सासूबाई तिच्याकडे बघून हसतात.