आमची वाटचाल : रंग मारलेली लेथ

१९९८ साली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टर्नर म्हणून नोकरी करता करता मी घराच्या परसात पत्र्याची शेड उभी केली. पहिली लेथ, म्हणजे धातू फिरवून कातायचं मशीन, साडेचार फुटी, हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करची, बंद पडलेल्या एका कारखान्यातली. रंग पार उडालेला, हँडल हातांनी गुळगुळीत झालेली, पण बेड, म्हणजे खालचा रुळांसारखा पाया, शाबूत. ती निवडून दिली आमच्या अण्णांनी. अण्णा जुने फिटर, मशीन जोडणारे-दुरुस्त करणारे, माझ्या वडिलांच्या वयाचे. दलालीचा एक पैसा घेतला नाही त्यांनी. पुढची तेरा वर्षं पंपाचे शाफ्ट आणि बुश काढण्यात गेली.

२०११ मध्ये दुसरं मशीन घ्यायचं ठरलं. अण्णा आषाढीच्या वारीला गेलेले. जुन्या मशीनचा व्यापारी म्हणाला, ‘दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, आज ॲडव्हान्स द्या.’ एचएमटीची लेथ, कोरा हिरवा रंग, काम धरून फिरवणारा चकसुद्धा नवा. २ लाख ८० हजारांत सौदा झाला. निम्मे पैसे बायकोच्या बांगड्या पतसंस्थेत ठेवून उभे केले.

पहिल्याच लॉटचे १४० शाफ्ट परत आले. चकाकडच्या टोकाला जाड, टेलस्टॉककडे, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या आधाराकडे, बरोबर, बेअरिंग बसेना. टेलस्टॉक सरकवून पाहिला, टूल बदललं, हाताखालच्या पोराला नाही नाही ते बोललो. शेवटी पंपवाले शेठ स्वतः शेडवर आले, शाफ्टवर मायक्रोमीटर फिरवला आणि म्हणाले, ‘मिस्त्री, हा तुमच्या हातचा माल नव्हे. मशीन बघा.’ दुसऱ्याने त्या दिवशी काम बंद केलं असतं. शेठनी पुढच्या लॉटच्या सळ्याही (बार) आणून टाकल्या.

अण्णा पंढरपूरहून आले ते तसेच शेडमध्ये. चकाजवळ सॅडलचा, म्हणजे टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाचा, खेळ काढून गिबची पट्टी घट्ट बसवली आणि सॅडल टेलस्टॉककडे न्यायला लागले. निम्म्या वाटेत ते घट्ट होऊन अडकलं. चकापुढचा फूटभर बेड घासून खाल्लेला होता. व्यापाऱ्याकडे गेलो तर म्हणे, जुन्या मालाला गॅरंटी नसते. रंग मात्र ताजा मारून दिला होता, ते विसरला. आजही त्याची पाटी दिसली की माझं डोकं फिरतं.

बेड ग्राइंडिंगला पाठवला. बेड ग्राइंड झाला की सॅडल खाली बसतं आणि ते सरकवणाऱ्या लांब आट्यांच्या दांड्याची, लीडस्क्रूची, लाइन चुकते. म्हणून अण्णांनी सॅडलखाली टर्साइटची, म्हणजे गुळगुळीत प्लास्टिकची, पट्टी चिकटवून, उंचवटे दिसायला निळा रंग लावून, रोज संध्याकाळी ते खरवडून स्क्रॅपिंग केलं. पंधरा दिवस.

जुनी लेथ बघायला जाल तर रंगाकडे बघूच नका. आपला बार घेऊन जा, चकात धरून टेलस्टॉकशिवाय वीतभर हलका कट मारा, दोन्ही टोकं मोजा. चक फिरवणाऱ्या स्पिंडलला डायल गेज लावून तो डगमगतो का बघा. टूल आत-बाहेर नेणाऱ्या क्रॉसस्लाइडचं हँडल उलटसुलट फिरवून खेळ बघा. हेडस्टॉकला, म्हणजे चकामागच्या पेटीला, आधी हात लावा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधीच मशीन चालवून ठेवलंय, थंड होईस्तोवर थांबा. आणि सोबत फिटर न्या. तो वारीला गेला असेल तर तो येईपर्यंत सौदा करू नका.

शेठ आता नाहीत, त्यांचा मुलगा शाफ्ट आमच्याकडेच टाकतो. ते काम त्याच एचएमटीवर होतं. बांगड्या सोडवायला चौदा महिने लागले.