खानापुरातून कन्सोलची नोंदवही : मे ते दिवाळी २०२५

मे महिन्यात निपाणीच्या मित्राने आपला पीएस फाईव्ह, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा सोनीचा डबा, महिनाभरासाठी माझ्याकडे आणून ठेवला. त्याच्या घरी बहिणीचं लग्न होतं, पाहुण्यांची पोरं येणार होती आणि डबा त्यांच्या हाती लागू द्यायचा नव्हता. "तुझ्याकडं पोरं न्हाईत, तू एकटाच पोर हाईस," म्हणत त्याने पिशवी सोफ्यावर ठेवली. दोन वर्षं मी जे नुसतं घोळवत होतो, ते त्या पिशवीमुळे सुरू झालं.

ठरवलं एवढंच. तिन्ही डबे, म्हणजे पीएस फाईव्ह, मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस आणि निन्टेन्डोचा स्विच, एकेक महिना तरी माझ्याच घरी चालवायचे आणि मगच त्यातला एक विकत घ्यायचा. माझा टीव्ही, माझा इन्व्हर्टर, माझं नेट. दुसऱ्याच्या घरी जाऊन "वा, काय ग्राफिक्स!" म्हणण्यात दोन वर्षं गेली होती. पैसे पन्नास हजारांच्या आत आणि एकदाच. बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशीनवर काम करणाऱ्याने दर दोन वर्षांनी डबा बदलायचा म्हटलं तर घरचे मलाच बदलतील.

टेराफ्लॉपचा, म्हणजे डब्याच्या ताकदीच्या आकड्याचा, हिशेब आधी उरकतो, कारण प्रत्येकजण पहिल्यांदा तेच विचारतो. एक्सबॉक्स सिरीज एक्स (सिरीज एसचा मोठा भाऊ) १२, पीएस फाईव्ह १०.२८, सिरीज एस ४. पीएस फाईव्ह काय आणि दोन्ही एक्सबॉक्स काय, आत एएमडीचीच जोडी आहे, झेन टू प्रोसेसर आणि आरडीएनए टू ग्राफिक्स. भावंडंच म्हणा, एकाला खुराक जास्त. माझा टीव्ही ४३ इंची, पण फुल एचडी. फोर-के त्यावर दिसणारच नाही. त्यामुळे १२ आणि १० मधल्या फरकावर रात्र रात्र भांडणं म्हणजे सायकलच्या टायरमध्ये नायट्रोजन भरण्यातला प्रकार. म्हणूनच सिरीज एक्स माझ्या यादीत आलाच नाही.

मे, जून : पीएस फाईव्ह

पहिले चार दिवस मी फक्त रिमोटशी खेळलो. (कंट्रोलर म्हणा, जॉयस्टिक म्हणा, खडेबाजारातून आणलेल्या टीव्ही गेमपासून आमच्या घरात त्याला रिमोटच म्हणतात. आणि गेमला कॅसेट. लागली नाही की फुंकर मारायची.) धनुष्य ओढताना ट्रिगर बोटाला खरोखर विरोध करतो. अर्ध्यावर अडतो, आणखी जोर लावला की सुटतो. आईच्या हातात दिला तर ती म्हणाली, "अडकलंय बघ हे, तेल घाल जरा."

यंदा मे संपायच्या आतच पावसाने धरलं. खानापूर तालुक्यातला पाऊस काय असतो ते जांबोटी-कणकुंबीकडच्यांना सांगायला नको. पाऊस आला की लाईट जाते, येते, परत जाते. पहिल्याच आठवड्यात तीनदा असं झालं की लाईट गेली, पंखा इन्व्हर्टरवर फिरत राहिला, टीव्ही क्षणभर मिटून उघडला आणि पीएस फाईव्ह मात्र मेला. परत चालू केला की नीट बंद केला नव्हता म्हणून तक्रार, मग स्टोरेजची तपासणी. उसना डबा, त्यात असं. मला रात्री झोप येईना.

दोष डब्याचा नव्हता. घरगुती इन्व्हर्टरच्या पाठीमागे बहुतेक वेळा एक छोटं बटण असतं, एका बाजूला नॉर्मल आणि दुसऱ्या बाजूला यूपीएस. आमचं चार वर्षं नॉर्मलवर होतं, कुणी बघितलंच नव्हतं. नॉर्मलवर लाईटीवरून बॅटरीवर यायला इन्व्हर्टर थोडा जास्त वेळ घेतो. पंख्याला ते कळत नाही, कन्सोलला कळतं. बटण यूपीएसवर टाकलं आणि मुद्दाम मेन स्विच पाडून बघितलं. गेम चालूच. मी एकटाच हॉलमध्ये टाळ्या वाजवल्या.

दोन दिवसांनी दुसरी भानगड. यूपीएसवर ठेवलं की इन्व्हर्टर व्होल्टेजच्या बाबतीत चिकित्सक होतो. साधारण १८० च्या खाली आलं की लाईट असूनही तो बॅटरीवर जातो. आमच्या गल्लीत संध्याकाळी सात ते नऊ मीटर १७० ते १७५ दाखवतो. म्हणजे घरात लाईट आहे, शेजाऱ्यांकडे मालिका चालू आहेत, आणि आमची बॅटरी मात्र गुपचूप उतरतेय. रात्री दहाला खरी लाईट गेली तेव्हा इन्व्हर्टर पाच मिनिटं ओरडून गप्प बसला. अंधारात आई एवढंच म्हणाली, "खेळा."

शेवटी निघालेला तोडगा असा. इन्व्हर्टर परत नॉर्मलवर, आणि फक्त कन्सोलसाठी कॉम्प्युटरचा छोटा ६०० व्हीएचा यूपीएस, तो इन्व्हर्टरच्याच लाईनवर. इन्व्हर्टर कुशीवर वळेपर्यंतचा तो क्षण छोटा यूपीएस सांभाळतो. आमचा इन्व्हर्टर साईन वेव्हचा, म्हणजे लाईटीसारखीच गुळगुळीत वीज देणारा आहे; जुना स्क्वेअर वेव्हचा असेल तर एवढ्या महागाच्या डब्याला तो लावू नका. टीव्ही मात्र मी त्या यूपीएसवर घेतलेला नाही. त्यामुळे लाईट गेली की टीव्ही बंद पडून पंधरा सेकंदांनी उठतो, गेम तोवर चालूच असतो, आणि चित्र परत येतं तेव्हा मी मेलेलो असतो.

वीज किती खातो ते प्लगला लावायच्या मीटरवर मोजलं. मोठी गेम चालू असताना पीएस फाईव्ह १९५ ते २१० वॅट. त्यात टीव्ही, पंखा, राऊटर धरले की साडेतीनशेच्या घरात. बॅटरी १५० एएच, १२ व्होल्ट, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. पण चार वर्षांची बॅटरी कागद वाचत नाही. दोन तास वीस मिनिटांत बीप सुरू. "दोनशे वॅट? त्यापेक्षा माझा मिक्सर बरा की," आईचं म्हणणं. मिक्सर पाचशेचा आहे, पण तो चटणीपुरता चालतो हे मी बोललो नाही.

जुलै : सिरीज एस

आमच्या वर्कशॉपमधला एकजण महिनाभर पुण्याला ट्रेनिंगला गेला, त्याचा सिरीज एस मिळाला. नोव्हेंबर २०२० मध्ये आला तेव्हा ३४,९९० चा होता. पांढरा, सुटसुटीत, जेवणाच्या डब्यासारखा पिशवीत मावतो. डिस्कची फट नाही. मीटरवर ७० ते ८०, इन्व्हर्टरवर चार तासांच्या आसपास निघाला. फुल एचडी टीव्हीवर चित्रात मला तक्रारीला जागा सापडली नाही, आणि मी शोधली होती. रिमोटमध्ये साधे पेन्सिल सेल जातात, हे काहींना जुनाट वाटतं. मला आवडलं. सेल संपले तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात.

मग गेम पासची (महिन्याला पैसे भरून भरपूर गेम्स खेळायची मायक्रोसॉफ्टची योजना) यादी उघडली आणि लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं झालं. वाढतायत, वाढतायत. अडचण अशी की हे ताट नेटवरून येतं. १०० जीबीची गेम माझ्या ४० एमबीपीएसवर साडेपाच तास घेते. गेम्स साठवायच्या ५१२ जीबीच्या एसएसडीत हाताला लागतात ३६४. तीन मोठ्या गेम्स भरल्या की चौथीसाठी एक काढायची, आणि काढलेली परत हवी असेल तर पुन्हा साडेपाच तास. जागा वाढवायला खास त्याचंच कार्ड लागतं, बाजारातली कुठलीही एसएसडी चालत नाही. पीएस फाईव्हला बाजारातली साधी एम-डॉट-टू एसएसडी बसते, फक्त वेगाने चांगली हवी.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात रस्त्यावर झाड पडलं आणि त्यात फायबरची वायर गेली. सहा दिवस नेट नाही. मित्राच्या खात्यात हा डबा 'घरचा एक्सबॉक्स' म्हणून लावलेला होता, म्हणून उतरवलेल्या गेम्स चालल्या. तसा लावून ठेवला नसेल तर नेट गेल्यावर डबा म्हणजे पेपरवेट. गेम पासच्या गेम्सना महिन्याभरातून एकदा नेट दाखवावंच लागतं, तेही लक्षात ठेवा. सहा दिवस मी एकच गाडीची गेम खेळलो, आता त्यातला प्रत्येक वळणावरचा दगड ओळखतो.

ऑगस्ट : गणपती आणि स्विच

निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकत नाही. आपल्याकडे दिसतो तो कुणीतरी आणलेला, नाहीतर आणून विकणाऱ्यांकडचा. मावसभाऊ दुबईला असतो, त्याने पोरांसाठी घेतलेला जुना स्विच गणपतीला गावी आला. (नवा स्विच टू जूनमध्ये निघाला, पण आमच्या गोतावळ्यात अजून पोचलेला नाही.)

काहीतरी गंमत म्हणून एक सांगतो. 'राजी' नावाची गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केली, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये ती सगळ्यात आधी आली ती स्विचवर. आपल्याच माणसांनी केलेली गेम, आणि ज्या डब्यावर पहिल्यांदा आली तो आपल्याकडे दुकानात रीतसर मिळत नाही.

गणपतीचे पाच दिवस घरात अकरा पोरं. स्विचचे दोन बाजूंचे रिमोट काढून आडवे धरले की दोघे खेळतात, आणखी एक जोडी असेल तर चौघे. दुसऱ्या दिवशी आरतीच्या आधी लाईट गेली. इन्व्हर्टर मखराच्या माळांवर खर्ची पडलेला. पोरांनी स्विच टीव्हीखालून उपसला, पाठीची काडी लावून पाटावर उभा केला आणि शर्यत पुढे सुरू. डबा स्वतःच बॅटरीवर चालतो, त्याला इन्व्हर्टर नको की यूपीएस नको. तीन महिने मी वायरी जोडत बसलो होतो आणि इथे सात वर्षांची पोरगी पाटापुढे मांडी घालून मला हरवत होती.

धाकट्याने कॅसेट तोंडात घातली आणि थुंकली. स्विचच्या कॅसेटना मुद्दाम कडू लेप असतो, पोरांनी गिळू नये म्हणून. खरं का बघावं म्हणून मीही चाटून बघितली. कारलं परवडलं.

तरी स्विच माझ्यासाठी नाही. मला संध्याकाळी एकट्याने दोन तास लांबलचक गोष्ट खेळायची असते, आणि त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी त्याच्यावर येत नाहीत. घरात लहान पोरं असतील तर मात्र पुढचं वाचू नका, तोच घ्या.

दसरा, दिवाळी

सप्टेंबरअखेर मनाने सिरीज एसकडे झुकलो होतो. वीज कमी, पैसे कमी. १ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, गेम पास अल्टिमेट महिना ८२९ वरून १,३८९ झाल्याचं आलं. वर्षाचे १६ हजारांच्या वर. स्वस्तातले प्लॅन आहेत, पण माझा सगळा हिशेब त्या मोठ्या पंगतीवर होता. सोन्याची पानं वाटता वाटता मी डोक्यात गुणाकार करत होतो.

दुसरीकडे आमचं डिस्कचं वर्तुळ. खानापूर, बेळगाव, संकेश्वर, निपाणी, कोल्हापूर, एका ओळीतल्या गावांचे सहाजण. नवी डिस्क पाच हजारांच्या आसपास जाते, ती एकाने घ्यायची आणि पुढे सरकवायची. कोणी ना कोणी कामाला त्या रस्त्याने जातोच. नियम एकच : पंधरा दिवसांवर ठेवली तर दंड अर्धा किलो कुंदा, आमच्या बेळगावची मिठाई. निपाणीवाल्याकडून आतापर्यंत दीड किलो वसूल झालाय. या वर्तुळात बिनडिस्कच्या डब्याला जागा नाही, आणि पीएस फोरच्या जुन्या डिस्कही पीएस फाईव्हवर चालतात. विजेत जास्त जातं ते इथे भरून निघतं.

एप्रिल २०२४ ला पीएस फाईव्हचं बारकं मॉडेल, स्लिम, भारतात आलं तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ५४,९९० होती. दिवाळीच्या सवलतीत मला ४९,९९० ला पडला. त्याआधी एक सेकंडहँड बघितला होता. विकणाऱ्याने मेनू दाखवला, गेम दाखवली, डिस्क मात्र "घरी राहिली" म्हणाला. मी माझी खिशातली काढली तर आत जाईना. सेकंडहँड बघायला जाताना स्वतःची डिस्क न्या, आणि मागच्या जाळीत मोबाईलचा टॉर्च मारून झुरळं बघा. उबेला ती हमखास येतात. आणखी एक : स्लिमची डिस्क ड्राईव्ह पहिल्यांदा जोडताना नेट लागतं, तेव्हा नेट गेलेल्या आठवड्यात खोकं उघडू नका.

पहिली चूक माझीच. मावसभावाने दुबईची डिस्क दिली होती. गेम मस्त चालली, कारण डिस्कला देशाचं बंधन नाही. मग त्याच गेमचा वाढीव भाग मी इकडच्या ऑनलाईन स्टोअरवरून घेतला, तो काही जोडेना. डिस्क तिकडची आणि वाढीव भाग इकडचा, हे जमत नाही. दोन्ही एकाच प्रदेशाचे लागतात. संकेश्वरवाला हसून हसून बेजार. "सीमाप्रश्न तिथंबी हाय की रे!" म्हणाला. त्यामुळे वर्तुळातल्या डिस्कवर आता मार्करने खोक्याच्या मागे लिहितो : इकडची, तिकडची.

बाकी राहिलेलं काम : टीव्हीपण छोट्या यूपीएसवर घेऊन किती वेळ निघतो ते मोजायचं, आणि बॅटरीत पाणी घालायचं, ते आईने दोनदा सांगितलंय. 'घोस्ट ऑफ योतेई' ही पीएस फाईव्हची गेम दसऱ्याच्या दिवशीच निघाली. आमच्यातली एकुलती एक डिस्क सध्या संकेश्वरात आहे. आज तेरावा दिवस.