उजव्या टायरची आतली कड

परवा एका गिऱ्हाइकाला ‘ही गाडी घेऊ नका’ असं सांगितलं. तसं मी बरेचदा सांगतो, त्यात विशेष काही नाही. पण या गाडीच्या मालकाने काहीही लपवलं नव्हतं. त्याने स्वतः जपून ठेवलेल्या फाइलमध्येच दोष लिहिलेला होता, वर्षानुवर्षं, आणि तो त्यालाही ठाऊक नव्हता, गाडी तपासून सही करणाऱ्या एकालाही नव्हता. ते डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

जुनी गाडी विकत घेण्याआधी ती तपासून द्यायची, हे माझं काम. त्याआधी मी डेंटिंगच्या शेडमध्ये होतो, मग अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन मोजून नीट करायच्या, मशीनवर. लोकांना वाटतं मी बॉनेट उघडून इंजिनचा आवाज ऐकतो आणि निकाल देतो. प्रत्यक्षात मी आधी कागद मागतो. गाडी पॉलिश करता येते, इंजिन धुता येतं, डॅशबोर्डवरचा दिवा स्कॅनरने घालवता येतो. कागद मात्र वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले असतात आणि ते एकमेकांना विचारून लिहीत नाहीत.

सगळ्यात आधी तारखा आणि किलोमीटर एका रांगेत मांडतो. दर वर्षी बारा-तेरा हजार चालणारी गाडी एखाद्या वर्षी दोन हजारच चालली असेल, तर एक तर ती उभी होती किंवा मीटर मागे फिरवलाय. मग पेडलचं रबर, स्टिअरिंगची झीज, टायरच्या बाजूवरचे चार आकडे पाहायचे. त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी पाच हजार चाललीये म्हणतात आणि टायर गाडीपेक्षा तरुण, असं असेल तर विचारायला हवं.

त्यानंतर सरकारी तपासणीतले शेरे. इथे बहुतेक लोक उलटं वाचतात. तपासणीत एकदा नापास झालेली गाडी म्हटलं की गिऱ्हाइक मागे सरतं. पण ब्रेकचा पाइप गंजला म्हणून नापास झाली आणि आठवड्याने नवा पाइप घालून पास झाली, तर त्यातून मला मालक कळतो. त्याने खर्च केला, पळवाट शोधली नाही. उलट दहा वर्षांच्या गाडीवर एकही शेरा नसला की मला शंका येते ती तपासणाऱ्याची. आणि ‘पास’ म्हणजे तरी काय? त्या दिवशी ती गाडी रस्त्यावर चालवण्याच्या किमान अटींत बसली, एवढंच. ब्रिटनमध्ये गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनच्या एमओटी, म्हणजे तिथल्या सरकारी तपासण्यांचे निकाल, शेरे आणि मीटरवरचे आकडे कोणालाही फुकट दिसतात. अशी सोय सगळीकडे हवी असं मला मनापासून वाटतं. पण त्या तपासणीतही इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची अवस्था पाहिली जात नाही. कुठलीही सरकारी तपासणी गाडी विकत घेणाऱ्यासाठी केलेली नसते.

आता त्या गाडीबद्दल. घेणारं जोडपं तरुण, पहिलीच गाडी, घरात लहान मूल. फोनवर म्हणाले, “फाइल इतकी व्यवस्थित आहे की तपासायची गरज वाटत नाही, पण बाबा ऐकत नाहीत.” विकणारे काका निवृत्त झालेले. गाडी चार वर्षांची असताना त्यांनीही ती जुनीच घेतलेली. फाइल पाहून मला खरंच आनंद झाला. वर्षवार पाकिटं, प्रत्येक बिल. ऑइल वेळेवर. टायमिंग बेल्ट बदलताना सोबत वॉटर पंपही बदललेला. दर दोन वर्षांनी ब्रेक फ्लुइड! ते हवेतलं पाणी शोषून घेतं, पाणी वाढलं की कमी तापमानाला उकळतं आणि उतारावर पेडल खाली जातं. हे जाणून वेळेवर बदलणारे मालक मला फार क्वचित भेटतात.

शेरे मी माझ्या वहीत उतरवले. काकांनी गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्याच तपासणीत: ‘पुढचा उजवा टायर, आतली कड झिजलेली.’ पास. पुढे दोन नव्या टायरचं बिल, आणि त्या वर्षी शेरा नाही. मग ‘पुढचा डावा टायर, बाहेरची कड झिजलेली.’ पास. मग लोअर आर्मचे बुश, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या सांध्यातली रबरं, बदलल्याचं बिल, पुन्हा टायर, पुन्हा स्वच्छ तपासणी. आणि दीड वर्षाने परत तेच: पुढचा उजवा, आतली कड.

टायर बदलला की शेरा जातो, टायर झिजला की परत येतो. म्हणजे बिघाड टायरमध्ये नाहीच. उजव्याची आतली कड आणि डाव्याची बाहेरची, हे दोन शेरे शेजारी ठेवले तर दोन्ही चाकं एकाच बाजूला कललेली दिसतात. वर शॉकअ‍ॅब्जॉर्बरची टोकं जागेवर आहेत आणि खालचा सगळा सांगाडा उजवीकडे सरकलाय. नुसते बुश गेले म्हणून असं होत नाही. हा अंदाज मी गाडी लिफ्टवर चढवण्याआधी वहीत लिहिला होता, आणि त्याचा मला अभिमान आहे हेही सांगून टाकतो.

फाइलमध्ये अलाइनमेंटची एक छापील पट्टी होती. ती पाहून मात्र राग आला. टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकं आत किंवा बाहेर किती वळलीत तो कोन, त्याचे आकडे हिरवे. कॅम्बर, म्हणजे समोरून पाहिलं तर चाक किती कललंय तो कोन, लाल, दोन्ही बाजूंना, एकीकडे वजा आणि दुसरीकडे अधिक. त्याच्यापुढे कोणीतरी पेनाने लिहिलं होतं, ‘अ‍ॅडजस्टमेंट नाही.’ हे खोटं नाही; अशा बऱ्याच गाड्यांत कारखान्यातून कॅम्बर सेट करायची सोय दिलेली नसते. पण सोय नसलेला आकडा आपोआप बिघडत नाही. बिघडला म्हणजे काहीतरी वाकलंय किंवा हललंय, आणि तिथेच मशीनवरच्या माणसाने मालकाला हाक मारून दाखवायला हवं होतं. त्याने टो सेट केला, पैसे घेतले, गाडी सोडली. मी त्या मशीनवर काम केलंय. मागे चार गाड्या उभ्या असतात हे मला माहीत आहे. तरीही.

आमच्या मशीनवर मी स्टिअरिंग वळवून एसएआय मोजला, म्हणजे स्टिअरिंगचा अक्ष उभ्या रेषेपासून किती कललाय तो कोन. कॅम्बर आणि एसएआय यांची बेरीज दोन्ही बाजूंना सारखीच आली. आता कॅम्बर एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त, पण बेरीज सारखी, याचा अर्थ चाकाचा नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, किंवा शॉकअ‍ॅब्जॉर्बर वाकलेला नाही. ते सगळं ज्यावर बसलंय, तेच हललंय.

गाडी वर घेतली. सबफ्रेमच्या, म्हणजे चाकांचे आर्म ज्यावर बसतात त्या खालच्या सांगाड्याच्या, पुढच्या उजव्या बोल्टच्या डोक्यावर पान्याच्या खुणा होत्या. वॉशरभोवती जुन्या रंगाची चकती उमटलेली, आणि आताचा वॉशर त्या चकतीच्या बाहेर अर्ध्या चंद्रकोरीएवढा सरकलेला. बोल्ट काढून टॉर्च मारला. भोक गोल नव्हतं. कानशीने घासून लांबट केलेलं, कानशीचे ओरखडे धातूत स्पष्ट दिसत होते. म्हणजे अपघातानंतर पुढची रेल, बॉडीचा पुढे जाणारा लांब दांडा, वाकलेली, ती ओढून पूर्ण सरळ झाली नाही, सबफ्रेम बसेना, मग भोकच मोठं करून बसवली. वर रेलच्या जोडावर बोटाने फासलेलं सीलंट. डाव्या बाजूला त्याच जागी मशीनची सरळ, सारखी रेघ. रंगाची जाडी डावीकडे नव्वद-शंभर मायक्रॉन आणि उजवीकडे साडेतीनशेच्या वर. आता कोणी काही सांगायची गरज नव्हती. आणि हे सगळं काकांच्या आधी झालेलं, कारण पहिला शेरा त्यांच्या पहिल्याच तपासणीतला.

जोडप्याला मी बाजूला घेऊन सांगितलं. नवऱ्याने विचारलं, “पण दर वर्षी पास झालीये ना?” झालीये. कारण तपासणारा त्या दिवशीचा टायर मोजतो आणि टायर तेव्हा नियमात बसत होता. एकाही तपासणाऱ्याने चुकीची सही केलेली नाही. मागच्या वर्षीचा कागद कोणी पाहिला नाही, आणि पाहायला कोणी सांगितलंही नव्हतं. तपासणीच्या फॉर्मवर सगळ्यात वर आधीच्या तीन वर्षांचे शेरे छापून आले असते, तर हा दोष दुसऱ्याच खेपेला पकडला गेला असता. यासाठी नवीन मशीन लागत नाही.

मग काका आले. “काय निघालं?” अहवाल ज्याने पैसे दिले त्याचा असतो, विकणाऱ्याला तो द्यायचा नाही, हा या धंद्यातला नियम आहे आणि त्यामागे कारणं आहेत. पण काका तीच गाडी चालवत घरी जाणार होते, आणि शाळेतून नातवंडं त्याच गाडीत येतात हे बोलण्याच्या ओघात त्यांनीच सांगितलं होतं. मी जोडप्यातल्या त्या मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, “सांगा त्यांना. दाखवा सगळं.” नवऱ्याला ते फारसं पटलं नाही असं दिसलं, पण तो काही बोलला नाही.

मी काकांना लिफ्टखाली नेलं आणि भोक दाखवलं. ते बराच वेळ वर बघत होते. मग म्हणाले, “दर वेळी मी विचारायचो हो, की टायर एकाच बाजूने का जातो. सगळे म्हणायचे, रस्ते खराब.”

अपघाताचा धक्का पुन्हा त्याच कोपऱ्यावर बसला तर ती रेल कशी दुमडेल हे मला सांगता येत नाही, आणि मी तसंच सांगितलं. गाडी आधी फ्रेमच्या बेंचवर, म्हणजे बॉडीचा सांगाडा मोजायच्या आणि ओढायच्या चौकटीवर, नेऊन मोजून घ्या म्हणालो. तिरकी मापं कारखान्याच्या मापापासून दोन-तीन मिलिमीटरच्या आत हवीत. त्यापलीकडे असतील तर नुसतं ओढून भागणार नाही, रेलचा तुकडा बदलावा लागेल. त्यांनी ते फाइलच्या पुठ्ठ्यावर आतून लिहून घेतलं. मग विचारलं, “आणि विकताना हे सांगायचं?” मी हो म्हणालो. “मग घेणार कोण?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांना ज्याने विकली त्याने सांगितलं नव्हतं, आणि आता तोटा सोसायची वेळ गाडी सगळ्यात नीट सांभाळणाऱ्यावर आली होती.

त्यांनी पुढचे टायर नुकतेच बदललेत. येत्या तपासणीला गाडी नेली तर ती एकही शेरा न येता पास होईल, आणि तो स्वच्छ कागद पाहून कोणीही गाडी घेईल. काका तसं करणार नाहीत असं मला वाटतं. बेंचवर मोजून खर्चाचा अंदाज घेतला की ते मला फोन करणार आहेत. तो आकडा गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला, तर दुरुस्त करू नका, गाडी सुट्या भागांसाठी द्या, असं मला त्यांना सांगावं लागेल. ते कसं सांगायचं हे अजून ठरलेलं नाही.